दिवाभीत कोण?

कोणी चुकले की आपण उर्दूत त्याला 'उल्लू' म्हणतो. मराठीत घुबड अशुभ मानतात. बिचारे दोन्ही भाषांत नापास!

'इख्वानुस्सफा' या जुन्या अरबी ग्रंथातील एका गोष्टीत प्राणी जिन्नांच्या बादशहापुढे माणसांविरुद्ध फिर्याद करतात. मौलवी इकराम अली यांनी १८१० साली ती उर्दूत आणली. प्राणी इतके अदबीने बोलतात, की खरा सभ्य कोण, असा प्रश्न पडतो. घुबड आपल्या वर्गात आले तर तेही विचारील, "हुजूर, शेतातले उंदीर मी संपवावेत आणि अपशकुनीही मीच?"

घुबडाला मराठीत 'दिवाभीत', म्हणजे दिवसाला भिणारा, असेही म्हणतात. पण सातपुड्यातला रानपिंगळा हे छोटे घुबड चक्क दिवसा शिकार करते! १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा दिसले, पुढे आपल्या मेळघाटातही आढळले.

नुसते नाव ऐकून कोणी आपल्याविषयी मत बनवले, तर आपल्याला वाईट वाटते. मग अमरावती-अकोला एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी मुलाविषयी आपणही तसे करू नये. आधी चार शब्द बोलावेत, मत नंतर बनवावे.