शाळेतील ताट आणि मोरीजवळची बादली

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर शाळेच्या मोरीजवळ ठेवलेली बादली एकदा पाहावी. उरलेली खिचडी, आमटीतून वेचून काढलेली भाजी, चावा घेऊन टाकलेली पोळी असे पुष्कळ काही तिच्यात दिसते. ती कोठे रिकामी करावयाची एवढाच विचार होतो. ती भरली कशाने, हे क्वचितच विचारले जाते.

वस्तुतः शाळेतील शिजवलेले अन्न मुलांना सहजासहजी मिळालेले नाही. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांसाठी तसा आदेश दिला, तेव्हा कोठे अनेक राज्यांत कोरड्या धान्याच्या वाटपाऐवजी शाळेत चूल पेटली. २०२१ पासून ही योजना 'पीएम पोषण' या नावाने ओळखली जाते. पहिली ते पाचवीच्या मुलास १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, हे तिचे दैनंदिन प्रमाण. कित्येक मुलांचे दिवसातील पहिले पोटभर जेवण हेच असते. त्याच पंगतीत दुसरे मूल तेच अन्न टाकून देते, ही विसंगती आम्हांस अस्वस्थ करते.

मुलांना दोष देणे सोपे आहे. परंतु १०० ग्रॅम ही सरासरी झाली, आणि पहिलीतील व पाचवीतील मुलाची भूक काही एक नव्हे. प्रथम थोडे वाढावे, मग पुन्हा विचारावे. ताट चाटूनपुसून संपविण्याची सक्ती मात्र नको. तिने मूल जेवणाचाच धसका घेते. हजेरी मोजूनच तांदूळ भिजवावा. सणाच्या आदल्या दिवशी वर्ग निम्मे रिकामे असतात हे स्वयंपाकीणबाईंना ठाऊक असते, पण त्यांना विचारतो कोण? जेथे मुले डबा आणतात तेथे निराळी अडचण. सुट्टी अपुरी आणि अर्धे लक्ष मैदानाकडे. अमेरिकेतील यूटा राज्याच्या काही शाळांत आधी खेळ व मग जेवण असा क्रम ठेवला, तेव्हा मुलांनी फळे-भाज्या अधिक खाल्ल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. घंटा बदलण्यास अनुदान लागत नाही.

एवढे करूनही जे उरेल त्याचे खत करावे. शिजवलेल्या अन्नात ओलावा, तेल व मीठ असल्याने ते नुसते खड्ड्यात टाकल्यास दुर्गंधी सुटते. पाणी निथळून, त्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला मिसळून, आठवड्यातून एकदा खालीवर केल्यास साधारण दोन महिन्यांत खत तयार होते. मासळीचे काटे व हाडे त्यात नकोत, उंदीर येतात. आंब्या-फणसाचा पाला जाळून टाकणाऱ्या शाळांना हे सहज जमावे. मोठ्या वसतिगृहांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले 'निसर्गऋण' बायोगॅस संयंत्र आहे. त्यातून गॅसही मिळतो.

अन्न टाकणे म्हणजे गरिबांच्या पानातून चोरी करणे होय, अशा आशयाचे उद्गार दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी ५ जून २०१३ रोजी काढले होते. ते मुलांना ऐकविण्यापूर्वी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या आपल्या मेजवान्यांकडे पाहावे लागेल. तेथील उष्ट्याच्या पिंपात मोठ्यांचाच वाटा अधिक असतो!

पालक-शिक्षक संघाच्या येत्या सभेत आमची एकच सूचना आहे: एक आठवडाभर त्या बादलीचे रोज वजन करावे आणि आकडा शाळेच्या फळ्यावर लिहावा.