डबा बांधून स्टिअरिंग दुरुस्त होत नाही, शेठ!

चाकणमधल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटबाहेर सकाळी सातला जाऊन उभे राहा. रांगेतल्या जुन्या गाड्यांच्या केबिनखाली जरा वाकून बघा. दोन-चार गाड्यांना उजव्या बाजूला, चासीला तारेनं बांधलेला प्लॅस्टिकचा डबा दिसेल. तेलाचा कॅन मधोमध कापून केलेला. स्टिअरिंग बॉक्समधून गळणारं तेल त्यात पडतं. कंपनीच्या फरशीवर डाग पडू नये म्हणून हा बंदोबस्त!

गेटवर ड्रायव्हरचे बूट बघतात, जॅकेट बघतात, रिव्हर्स हॉर्न वाजवायला लावतात. तेल गळत असेल तर गाडी आत सोडत नाहीत. डबा बांधला की सोडतात. म्हणजे काळजी फरशीची आहे. पंधरा टन माल घेऊन ती गाडी तळेगाव चौकातून वळणार कशी, हा प्रश्न कुणालाच पडत नाही.

हे मी लांबून बघून लिहीत नाहीये. माझ्या दोन गाड्या आहेत, एमएच-14, दोन्ही दहा वर्षांच्या पुढच्या. त्यातल्या एकीला चार महिने मीच डबा बांधून चालवली. दर तीन-चार दिवसांनी अर्धा लिटर तेल टाकायचं आणि निघायचं. ड्रायव्हर मामा दोनदा बोलले, "शेठ, स्टिअरिंग मधेच जड होतंय." मी म्हणालो, "एवढा महिना जाऊ द्या." तो महिना काही गेला नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावर खालुंब्रेच्या अलीकडे प्रेशर गेलं. गाडी हळू होती म्हणून दुभाजकाला घासून थांबली. पुढे एक दुचाकी होती, नवरा-बायको आणि मधे पोरगं. लागलं नाही कुणाला. मामांचा अंगठा मात्र स्टिअरिंगच्या झटक्यानं सुजला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि लागायलाही नको होती.

"तेलच तर गळतंय" म्हणणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. ट्रकच्या टायरमध्ये साधारण आठ बार हवा असते. स्टिअरिंग बॉक्समध्ये वळताना तेलाचा दाब शंभर बारच्या वर जातो. पुढच्या आसावर सहा-सात टन वजन असतं, ते या दाबाच्या जोरावर वळतं. तेल संपलं तरी चाकाचा आणि स्टिअरिंगचा सांधा तुटत नाही, हे खरं. पण मग ते वजन ड्रायव्हरनं दंडाच्या जोरावर वळवायचं. तेही चौकात, अर्ध्या वळणावर, मागून हॉर्न वाजत असताना.

आता दुरुस्ती. "सील किट टाक आणि दे" ही आपली आवडती पद्धत. किट हजार-दीड हजारात येतं. माझ्या मिस्त्रीनं ते टाकायला नकार दिला. म्हणाला, "टाकतो, पण पंधरा दिवसांत परत याल." मग त्यानं दाखवलं. आधी बॉक्स धुऊन कोरडा केला, इंजिन चालू ठेवून दोन्हीकडे स्टिअरिंग फिरवायला लावलं, आणि बॅटरी मारून नेमकं कुठून ओलं होतंय ते बघितलं. तेल वरच्या सीलमधून किंवा पाइपाच्या जोडातून येतं आणि ओघळून खालच्या ड्रॉप आर्मपाशी थेंबतं. आपण खालचं सील बदलतो आणि मिस्त्रीला शिव्या देतो.

आमच्या गाडीचं खालूनच गळत होतं. ड्रॉप आर्म काढण्याआधी त्यानं खूण केली आणि पुलर लावून तो काढला. हातोड्याचा ठोका आतल्या बॉलना आणि बेअरिंगला बसतो, म्हणून हातोडा लांबच ठेवला. शाफ्टवरून नख फिरवायला सांगितलं. नख अडकलं. तिथं खाच पडली होती आणि बेअरिंग झिजून शाफ्ट हलत होता. हलत्या शाफ्टवर नवं सील किती दिवस टिकणार? शिवाय टाकीतला फिल्टर चोंदलेला. परतीचं तेल तुंबलं की दाब वरच्या सीलवर येतो. शाफ्ट, बेअरिंग, किट, फिल्टर, नवं तेल, हवा काढणं, मजुरी धरून बारा हजार झाले. दोन दिवस गाडी उभी.

खरी गोम त्या दोन दिवसांत आहे. बारा हजार कसेही उभे राहतात. गाडी दोन दिवस नाही आली तर ठेकेदार दुसरी लावतो, वर दंड कापतो. ड्रायव्हरचा भत्ता बुडतो. म्हणून मालक तेल ओततो, ड्रायव्हर गप्प बसतो, मिस्त्री किट टाकतो आणि पासिंगच्या आदल्या दिवशी बॉक्स डिझेलनं धुऊन चकचकीत केला जातो.

ज्या कंपन्यांना पुरवठादाराच्या एका खराब बोल्टचा आठ पानी खुलासा लागतो, त्यांच्याच दारात हे चालतं. गाड्या बनवणारा हा पट्टा आहे हो! टेल्कोपासून कित्येक वर्षं इथं ट्रक आणि त्याचे भाग घडतायत. आणि आपल्याच मालाची ने-आण करणारी गाडी डबा बांधून फिरते.

काही मित्र म्हणतील, जुन्या गाड्या भंगारात काढा, विषय संपला. बाबांनो, 2021 च्या स्क्रॅप धोरणातही आपल्यासारख्यांच्या मालवाहू गाडीचा निकष फिटनेस आहे. दहा वर्षांची, नीट राखलेली गाडी रस्त्यावर चालायचा हक्क राखून आहे. न राखलेली पाच वर्षांचीही उभी करायला हवी. आणि राखायची तर जागा लागते. फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडी-चिखलीतली हजारो शेड महापालिकेनं पाडली. त्यात भंगाराच्या गोदामांबरोबर छोटी वर्कशॉपही होती. अनधिकृत होती, मान्य. पण त्या कामाला अधिकृत जागा कुठली, हे कोण सांगणार? रस्त्याकडेला धुळीत बॉक्स उघडला तर तीच धूळ व्हॉल्व्हमध्ये जाते.

कायदा काय म्हणतो तेही वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 190 धोकादायक बिघाड असलेली गाडी चालवणाऱ्यावर आहे, तसंच ती चालवायला लावणाऱ्यावर आणि चालवू देणाऱ्यावरही आहे. बिघाड माहीत नव्हता म्हणून सुटका नाही, साध्या काळजीनं कळला असता एवढं पुरतं. डबा बांधणाऱ्याला तर माहीतच असतं! पण अपघात झाला की गुन्हा कुणावर दाखल होतो, हे आपण सगळे जाणतो. ड्रायव्हरवर.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कंपन्यांनी गेटवर बूट बघता तसं केबिनखालीही बघावं, आणि डबा दिसला तर गाडी माल न भरता परत पाठवावी. ठेकेदारांनी वर्षातून ठरावीक दिवस दुरुस्तीसाठी दंडाशिवाय द्यावेत, ते करारात लिहावेत. महापालिका आणि एमआयडीसीनं जुन्या गाड्यांच्या कामाला पक्की, परवडणारी जागा द्यावी. आणि माझ्यासारख्या एक-दोन गाड्यांच्या मालकांनी ड्रायव्हर "जड होतंय" म्हणाला की त्याच दिवशी गाडी उभी करावी. त्या दिवसाची हजेरी त्याला द्यावी. मी मामांना ती दिली, पण चार महिने उशिरा.

ज्यांच्या गाडीला आज डबा आहे त्यांनी इथं कमेंटमध्ये भांडायला यावं, जरूर यावं. फक्त येण्याआधी तो सोडवून मिस्त्रीकडे गाडी लावून या.