पैसे यायचे, तर पिन कशाला?

ऑनलाइन काही विकत घेताना आपण निदान थोडे तरी सावध असतो. विकताना मात्र नसतो. पैसे आपल्याकडेच तर येणार आहेत, मग भीती कसली? आमच्या मिरजेच्या खालांनाही असंच वाटलं.

खाला घरी शिवणकाम करतात. मोटरवाली नवी मशीन घेतल्यावर पायाने चालवायची जुनी मशीन त्यांनी भाच्याकडून मोबाइलवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात टाकून घेतली. किंमत 4,500 रुपये. तासाभरात फोन आला. बोलणारा स्वतःला फौजी म्हणवत होता. बदली झालीय, मशीन बायकोसाठी हवीय, टेम्पो उद्या येईल, पैसे आताच देतो. घासाघीस अजिबात नाही. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. (जुनी मशीन न बघता, एक रुपयाही कमी न करता घेणारं गिऱ्हाईक आम्ही तरी अजून पाहिलेलं नाही. पण हे शहाणपण नंतरचं.)

मग त्याने एक क्यूआर कोड पाठवला. "आधी 5 रुपयांचा करून बघा आपा, 10 परत येतील." खालांनी स्कॅन केला, पिन टाकला. 5 गेले आणि खरंच 10 आले. इथेच विश्वास बसला. पुढचा कोड 4,500 चा. पिन टाकताच तेवढी रक्कम खात्यातून गेली. "फौजेच्या खात्यात असंच होतं, आता 9,000 चा स्कॅन करा, सगळे मिळून परत येतील." घाबरलेल्या खालांनी तोही केला. 13,500 रुपये गेले. त्यात भिशीच्या बायकांचे पैसे होते.

फौजीच्या नावाची ही युक्ती देशभर चालली आहे, पोलिसांनी वारंवार इशारेही दिले आहेत. तरी माणसं फसतात, कारण क्यूआर कोडचं काम अनेकांना नीट सांगितलेलंच नसतं. किराणा दुकान आठवा. काउंटरवर कोड दुकानदाराचा असतो, स्कॅन आपण करतो, पिनही आपण टाकतो आणि पैसे त्याला जातात. पैसे घ्यायला तो बिचारा काही स्कॅन करतो का? पिन टाकतो का? तो नुसता उभा असतो. विकताना आपण दुकानदार. आपला मोबाइल नंबर किंवा यूपीआय आयडी द्यावा, फार तर आपला कोड दाखवावा, बस. समोरचा पिन मागू लागला की पैसे आपल्या खात्यातून बाहेर चाललेत, दुसरा अर्थच नाही.

याच्याच बहिणी दोन. बँकेचा वाटावा असा खोटा मेसेज येतो, "खात्यात 15,000 जमा", आणि पाठोपाठ फोन, "चुकून जास्त गेले, वरचे परत करा." मेसेजवर जाऊ नये, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघावी. दुसरी म्हणजे खोटा कस्टमर केअर. वस्तू परत करायची म्हणून आपण इंटरनेटवर नंबर शोधतो आणि तो नेमका ठगाचा निघतो. तो मोबाइलचा पडदा दिसेल असं ॲप घ्यायला लावतो. नंबर ऑर्डर जिथे दिली त्या ॲपमध्येच बघावा.

खरेदीबद्दल थोडक्यात. विक्रेता "ॲपबाहेर पैसे द्या, स्वस्तात देतो" म्हणाला तर देऊ नये. जुना मोबाइल, गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय बयाणा नको. महागाचं पार्सल उघडताना मुलांना व्हिडिओ काढायला सांगावं, त्यांना ते काम आवडतंच. वस्तू खराब निघाली तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. दाद मिळाली नाही, तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

पण खालांच्या बाबतीत आम्हाला जास्त लागलं ते दुसरंच. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. "दुलाभाई काय म्हणतील, मुलं हसतील," एवढंच डोक्यात. मुलं हसली असती, हे आम्हीही नाकारत नाही. आपल्या घरांत अम्मीच्या हातून मोबाइलवर चूक झाली की तोंडसुख घेणारे बरेच असतात. ते दोन दिवस महाग पडले. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे. लगेच फोन केला, तर पैसे ठगाने काढून घेण्याआधी त्याच्या खात्यात अडकवता येतात. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, आपल्या बँकेचं नाव हाताशी ठेवावं. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही नोंदवता येते. ठगाशी झालेले मेसेज रागाने पुसू नयेत, तोच पुरावा.

तिसऱ्या दिवशी भाच्याने 1930 लावला. तक्रार नोंदली गेली, पण पैसे तोवर काढले गेले होते. भिशीच्या बायकांना खालांनी स्वतः घरी बोलावून सगळं सांगितलं. तेव्हा त्यातल्या एकीने हळूच कबूल केलं की तिचेही 2,000 असेच गेले होते, वर्षभरापूर्वी. घरात अजून कुणाला माहीत नाही.

मशीन शेवटी गल्लीतल्याच एका मुलीने घेतली. 3,800 ला, बरीच घासाघीस करून.