जुन्या खोडाचा जबाब

मागच्या दिवाळीआधी आमच्या कंपनीत एक बैठक झाली. एचआरचे नवे साहेब, वय तिशीच्या आतलं, बोलायला गोड. पडद्यावर आलेख दाखवत त्यांनी सांगितलं की पन्नाशीपुढचा कामगार तीन कारणांनी अडचणीचा ठरतो. तो नवं शिकत नाही, त्याचा पगार परवडत नाही, आणि त्यानं जागा अडवल्यामुळे तरुणांना काम मिळत नाही. शेवटी ‘जग बदलतंय, आपणही बदलू या’ अशी पाटी झळकली आणि समोसे आले. आमच्यातलं कोणी काही बोललं नाही. मीही नाही. समोसा मात्र खाल्ला.

समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडावं आणि मग खोडावं, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणून साहेबांचे मुद्दे जसेच्या तसे वर दिले आहेत. आता माझं ऐका.

मी 1989 साली आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलो. तेव्हा भोसरीत गल्लोगल्ली हातानं चालवायचे लेथ होते. या कंपनीत 1996 मध्ये कायम झालो. पाच-सहा वर्षांनी सीएनसी मशीन आलं, फॅनकचा कंट्रोल आणि टेलिफोन डिरेक्टरीएवढं इंग्रजी मॅन्युअल घेऊन. आमच्यातल्या निम्म्यांचं इंग्रजी दहावीतच सुटलं होतं. तरी घरी वही घेऊन बसायचो. जी झिरो वन म्हणजे सरळ काप, जी झिरो टू म्हणजे घड्याळाच्या दिशेनं गोल, एम झिरो थ्री म्हणजे स्पिंडल चालू. बायको म्हणायची, पोरगा पाढे पाठ करतोय आणि बाप मंत्र. पुढे व्हीएमसी आलं, तेही शिकलो. आता हजेरी चेहरा दाखवून लागते. रात्रपाळी संपवून तेलकट तोंडानं उभं राहिलं की ते यंत्र मला ओळखत नाही, ही त्याची अडचण आहे, माझी नव्हे. तीस वर्षांत ज्यानं तीन वेळा अख्खं काम नव्यानं शिकून घेतलं, त्याला ‘शिकत नाही’ म्हणणाऱ्यानं स्वतः किती वेळा शिकलंय, हे एकदा विचारायला हवं होतं.

या जानेवारीतली गोष्ट. बोअरचं माप सकाळी दोन तास भरकटायचं आणि दुपारी आपोआप जागेवर यायचं. नवा मुलगा हुशार. मोबाइलवर प्रोग्रॅम आधी चालवून बघायचं मला त्यानंच शिकवलं. पण तो दर पाच जॉबमागे ऑफसेट बदलत होता आणि रिजेक्शनची पेटी भरत होती. स्क्रीनवर कुठलाच अलार्म नव्हता. मी स्पिंडलच्या डोक्यावर हात ठेवला. थंडगार. थंडीत रात्रभर बंद राहिलेलं मशीन चालू झालं की स्पिंडल तापून वाढतो. तो पुरता तापेपर्यंत माप हलणारच. वीस मिनिटं रिकामं फिरवलं, मग जॉब लावला. माप बसलं. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत आहेच. पण कुठल्या सकाळी ती ओळ आठवायची, हे मॅन्युअल सांगत नाही.

आता महागाचा मुद्दा. माझ्या पगारात ठेकेदाराकडची तीन पोरं येतात, हे खरं आहे, आणि मी ते नाकारणार नाही. प्रश्न एवढाच की ती पोरं किती दिवस राहतात. कायद्याच्या हिशेबात वर्षात 240 दिवस भरले की सलग सेवा धरली जाते. म्हणून सातव्या महिन्यात ‘ब्रेक’ मिळतो. वर सांगितलेल्या मुलालाही मिळाला. सहा महिने त्याला शिकवलं, हात बसला आणि तो गेला. पुढचा आला, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ही शिकवणी कुठल्या खात्यात मांडतात? साहेबांच्या आलेखात तिचा रकाना नव्हता. माझा पगार तेवढा लाल रंगात होता.

‘जागा अडवली’ हा आरोप मला सगळ्यात जास्त लागला, कारण माझा धाकटा मुलगाही तेच म्हणतो. आमच्या खात्यात 2010 साली 22 कायम कामगार होते. कोणी वय होऊन गेलं, कोणी व्हीआरएस घेऊन गेलं. त्यांतल्या एकाच्याही जागी कायम माणूस घेतला गेला नाही. म्हणजे आम्ही जागा सोडली की ती तरुणाला मिळते हे गणितच खोटं आहे. ती ठेकेदाराला मिळते. तरुणाला मिळते ती सात महिन्यांची पावती. व्हीआरएस घेतलेल्यांतले दोघे आज वाकडच्या एका सोसायटीच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभे असतात, बारा तास. त्यांतल्या एकाच्या हाताखाली मी टॅपिंग शिकलो होतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मामा, म्हणजे तुमचा जुना काळ सोन्याचा होता. नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलितांना घेत नसत, कारण तुटलेला धागा धोट्यातून तोंडानं ओढावा लागे आणि बाकीच्यांना विटाळाची भीती. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनपुढे ठेवला, तेव्हा कामगारांची एकजूट किती पोकळ होती ते दिसलं. भोसरीतही युनियनच्या जोरावर दोन दोन तास चहा पिणारे होतेच.

आणि त्याहून मोठी चूक आमची स्वतःची आहे. ती एचआरच्या बैठकीत कोणी काढली नाही, म्हणून मीच काढतो. दर तीन वर्षांनी आमचा करार व्हायचा. वाढ किती, दिवाळी बोनस किती, कॅन्टीनचा दर किती, यावर महिनामहिना गेट मीटिंगा. ठेकेदाराची पोरं त्याच कॅन्टीनमध्ये वेगळ्या रांगेत उभी असायची. त्यांच्याबद्दल त्या करारांत एक ओळ नसायची. आम्ही सह्या केल्या, पेढे वाटले. मालकानं आमच्या पगारवाढीचा पैसा कुठून काढला, हे आम्हाला कळत होतं. आज ती रांग माझ्या मागे उभी नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. त्यांनी का उभं राहावं?

म्हणून ‘जग बदलतंय’ या पाटीला माझी हरकत आहे. पावसाला कोणी धनी नसतो, या बदलाला आहे. तो कोणीतरी ठरवतं, कोणीतरी सही करतं, आणि कधीकधी ती सही आपलीच असते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. तीही आपोआप आली नव्हती. 2025 च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या कामाचा दिवस 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास तेवढेच राहतील असं सांगतात. कागदावर बरोबर असेल. बारा तास मशीनसमोर उभं राहून कमरेला आठवड्याची सरासरी समजावून सांगणं मला तरी जमलेलं नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुने कामगार कायदे जाऊन चार संहिता लागू झाल्या. त्यांत चांगलं काही नाही असं मी म्हणणार नाही. मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळणार, हे पाच वर्षं वाट बघण्यापेक्षा केव्हाही बरं. पण कामगार कपातीला सरकारची परवानगी लागायची ती मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. भोसरीतल्या किती शेडमध्ये 300 माणसं असतात, ते कोणीही एकदा फिरून मोजावं. कपात झालेल्याला नवं कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम मिळायची आहे. साहेब, तीन वेळा शिकलेला माणूस सांगतोय, पंधरा दिवसांत काय शिकून होतं ते. गंमत म्हणजे चाळिशीपुढच्या कामगाराची दरवर्षी मोफत तपासणी करा, असंही त्यात आहे. वयाकडे लक्ष गेलं ते रक्तदाबापुरतं.

पेन्शनबद्दल थोडक्यात. पगार कितीही असो, पेन्शन योजनेचा हिशेब 15,000 रुपयांवर थांबतो. मालकाच्या वाट्यातून महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये तिथे जातात. किमान पेन्शन 1,000 रुपये ठरली ती 2014 साली. सगळी बेरीज करून मला पाच हजारांच्या आसपास मिळेल. त्यावर महागाई भत्ता नाही.

मला मशीन जुनं नको, पाळ्या जुन्या नकोत, मुकादमाची शिवीगाळ तर मुळीच नको. कायम स्वरूपाच्या कामाला कायम माणूस हवा, आणि निघणाऱ्याच्या शेजारी वर्षभर तरी शिकणारा उभा हवा, इतकंच. हे मी आता व्यवस्थापनालाही लेखी दिलं आहे. यंदाच्या करारात आमच्या मागण्यांची पहिली ओळ ठेकेदाराच्या मुलांची असावी, हे मी युनियनच्या सभेत मांडलं. बाजूनं चार हात वर झाले, त्यातला एक माझा.

खात्यात आज 19 माणसं आहेत. कायम तीन. दोघे या वर्षअखेर निघतील. माझी 58 वर्षं मार्च 2027 मध्ये भरतात.