संकासुराला अटक कोण करणार?

तळकोकणात जत्रांचा हंगाम सुरू झाला की दशावतारी रंगमंचावर संकासुर येतो. त्याचे संवाद लिहून दिलेले नसतात. गावच्या पुढाऱ्यापासून मुंबईच्या मंत्र्यापर्यंत कोणालाही तो मालवणीत चिमटे काढतो आणि ज्याला चिमटा बसला त्यालाही चारचौघांत हसावे लागते.

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या सत्ताधाऱ्यांना हे हसणे साधले नाही. राज मुंगासे या तरुण रॅप गायकाचे 'पन्नास खोक्यां'वरील गीत चित्रफितीतून राज्यभर गाजले. त्यात कोणाचे नाव नव्हते. तरीही टोपी आपल्यालाच बसते, असे शिंदे गटाच्या युवासेनेला वाटले आणि अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. त्याच महिन्यात जनतेच्या हालांवरील गीताबद्दल उमेश खाडे या गायकावर मुंबईत गुन्हा दाखल झाला.

जून २०२२ ची फूट सिंधुदुर्गाने जवळून पाहिली. सावंतवाडीचे आमदार दीपक केसरकर फुटीर गटाचे प्रवक्ते झाले, कुडाळ-मालवणचे वैभव नाईक मूळ पक्षात राहिले. खोक्यांचा आरोप सिद्ध झालेला नाही, हे मान्य. परंतु आरोप खोटा असेल तर त्याला उत्तर देण्यास विधिमंडळ आहे, जाहीर सभा आहे. बदनामी झाली असेल तर ज्याची झाली त्याने स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागावी, अशी कायद्याची वाट आहे. ती सोडून शांतताभंगाच्या कलमांचा आधार घेतला की गाण्याची लढाई गायक आणि फौजदार यांच्यात होते व मंत्री नामानिराळे राहतात.

हा दोष एकाच पक्षाचा नाही. महाविकास आघाडीच्या राजवटीत, मे २०२२ मध्ये, शरद पवारांविषयीच्या मजकुरासाठी केतकी चितळे यांना महिनाभराहून अधिक काळ कोठडीत राहावे लागले. तो मजकूर हीन होता म्हणून जे तेव्हा गप्प राहिले, त्यांना मुंगासे यांच्यासाठी आवाज उठवताना अडखळावे लागले. स्वातंत्र्य आवडत्या गायकापुरते मागता येत नाही.

२८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरील, एका कवितेच्या चित्रफितीबद्दलचा गुन्हा रद्द केला. शब्दांचा परिणाम विवेकी आणि खंबीर माणसाच्या मापाने जोखावा; टीका म्हणजे सत्तेला धोका, असे मानणाऱ्याच्या मापाने नव्हे, असे न्यायालयाने बजावले. पण निकाल येईपर्यंत गायकाला वकील शोधावा लागतो आणि घरच्यांना पोलिसांच्या फेऱ्या सोसाव्या लागतात. धाक बसतो तो इथेच.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. उद्या एखाद्या मालवणी पोराने त्यावर रॅप रचला, तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार? या प्रश्नाचे उत्तर कार्यकर्त्यांनी आजच द्यावयास हवे. गीत कोणत्या पक्षाला झोंबते, हे विचारण्यापूर्वी.