शृंगार की शल्यकर्म?

भुवया रेखून घ्या, ओठ रंगवून घ्या आणि आरशापुढच्या रोजच्या खटाटोपातून कायमचे मोकळे व्हा, असे आवाहन करणाऱ्या पाट्या आता सर्रास दिसू लागल्या आहेत. 'परमनंट मेकअप', 'मायक्रोब्लेडिंग' ही त्या प्रकारांची नावे. सुंदर दिसण्याची इच्छा स्वाभाविक आहे. तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. गोंदणाची परंपराही आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. प्रश्न एवढाच आहे की, शृंगार म्हणून जे विकले जाते, ते वस्तुत: काय आहे?

लाली किंवा काजळ त्वचेवर लावले जाते आणि रात्री धुऊन टाकता येते. येथे मात्र सुईने वा पात्याने त्वचा छेदून तिच्या आतल्या थरात रंगकण सोडले जातात. शरीर त्यांना परके मानते. भक्षक पेशी ते गिळतात. परंतु पचवू शकत नाहीत, म्हणूनच रंग टिकतो. याचा अर्थ, हे नावाने प्रसाधन असले तरी कृतीने शल्यकर्म आहे. शल्यकर्माचे सारे धोकेही त्यात ओघानेच आले. सुई निर्जंतुक नसेल तर हिपॅटायटिस बी आणि सी यांसारखे रोग रक्तावाटे शिरू शकतात. केवळ नवी सुई वापरली म्हणजे निर्धास्त व्हावे असेही नाही. न उघडलेल्या बाटल्यांतील शाईतही जंतू आढळले आहेत. ज्यांच्या जखमेचा व्रण वाढून जाड होतो किंवा ज्यांना कोड आहे, त्यांनी तर विशेष सावध राहावे. सुईच्या जखमेवर नवा व्रण वा नवा डाग उमटू शकतो.

अमेरिकेतील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. एका उत्पादकाच्या ठरावीक रंगछटांमुळे सूज, खाज, गाठी आणि त्वचा फुटणे अशा त्रासांच्या दीडशेहून अधिक तक्रारी २००३ आणि २००४ या वर्षांत तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. अखेर ते रंग बाजारातून मागे घ्यावे लागले. रंग मागे घेता आले. पण ज्या चेहऱ्यांत ते शिरले होते, तेथून ते कोण मागे घेणार? लेझरचा उपाय सांगितला जातो. परंतु ओठांच्या व त्वचेसारख्या छटांत लोहाचे किंवा टायटॅनियमचे ऑक्साइड असेल, तर लेझरने तो रंग जाण्याऐवजी काळपट पडू शकतो. शिवाय भुवयांचा आकार ही फॅशनची बाब आहे. फॅशन बदलते, वयानुसार त्वचा सैल पडते. रेघ मात्र फिकट होऊनही मागे उरते.

या तंत्राचा सदुपयोग नाही असे नव्हे. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर किंवा केमोथेरपीने भुवया गळाल्यावर अनेक स्त्रियांना त्याने आत्मविश्वास परत दिला आहे. विरोध तंत्राला नाही, त्यातील बेफिकिरीला आहे.

युरोपीय संघाने जानेवारी २०२२पासून अशा शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले. आपल्याकडे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या व्याख्येत शरीरात 'प्रविष्ट' केल्या जाणाऱ्या प्रसाधनांचाही उल्लेख आहे. आयात प्रसाधनांची नोंदणीही सक्तीची आहे. परंतु कायदा पुस्तकात असणे वेगळे आणि पार्लरच्या दारापर्यंत पोहोचणे वेगळे. काही दिवसांच्या शिकवणीच्या बळावर दुसऱ्याच्या पापणीवर सुई चालवण्याची मुभा असावी काय, याचा विचार शासनाने केला पाहिजे. प्रशिक्षणाचा किमान निकष, केंद्रांची नोंदणी आणि नियमित तपासणी या तीन गोष्टी अशक्य कोटीतील खचित नाहीत.

तोवर ग्राहकानेच जागे राहावे. सुई आपल्यासमोर फोडलेल्या पाकिटातील आहे ना, शाईच्या बाटलीवर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत आहे ना, हे विचारण्यात संकोच कसला? ॲलर्जी, मधुमेह वा गर्भावस्था असल्यास आधी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. या प्रश्नांनी जो कारागीर चिडतो, त्याच्या हाती आपला चेहरा देऊ नये. साडी घेताना आपण पोत तपासतो, दागिना घेताना कस पाहतो. मग जन्मभर चेहऱ्यावर वागवायच्या रंगाबाबत तेवढी तरी चिकित्सा नको काय?