पत आहे, कागद नाही

सटाण्याच्या बाजारात एखाद्या आडत्याला विचारा, अमुक गावचा शेतकरी कसा आहे? वही न उघडता तो सांगेल, "शब्दाचा पक्का. पाऊस गेला त्या साली उशीर झाला, पण पैसा बुडवला नाही." हाच शेतकरी बँकेत गेला की संगणकावर त्याच्या नावापुढे काहीच दिसत नाही. आयुष्यभर देणे फेडले, त्याची नोंद दुसऱ्याच्या वहीत. त्याच्या पदरी कोरा कागद.

हे दुखणे जुने आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, ती मुख्यतः कर्जरोखे जाळण्यासाठी. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने फेडीची पावती देणे सावकाराला भाग पाडले. म्हणजे भांडण व्याजाचे होते, तसेच हिशेबाच्या कागदाचेही होते. आज वहीच्या जागी पतमाहिती कंपन्या आल्या. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात आणि कर्जदाराला ३०० ते ९०० मध्ये गुण देतात.

ज्याने बँकेचे कर्ज कधी घेतलेच नाही, तो नापास नव्हे. त्याची परीक्षाच झालेली नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ मागची नोंद नाही म्हणून परत पाठवू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना सांगितले आहे. तेव्हा तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकाराचे कारण लेखी मागा.

पहिले पीककर्ज कापूस-ज्वारीच्या खर्चापुरतेच घ्या. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के. मुदतीत फेडले तर ३ टक्के सूट, म्हणजे पडते ४ टक्के. सावकाराचे महिना शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६. हिशेब आपणच करा.

कोरडवाहूत पाऊस दगा देणारच. तसे दिसले तर तोंड लपवू नका. मुदत संपण्याआधी बँकेत जा आणि पुनर्गठनाची मागणी लेखी करा. थोडी रक्कम भरून तडजोड केली तर कर्ज मिटते, पण तडजोडीची नोंद मागे राहते. दुसऱ्याला जामीन राहिलात तर तेही आपल्या खात्यावर दिसते.

आम्ही शेतकीची पदवी घेऊन गावोगाव फिरलो, ते माती तपासून घ्या हे सांगत. हा कागदही तसाच तपासा. प्रत्येक कंपनीने वर्षातून एक अहवाल फुकट द्यायचा आहे. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

कागद नीट झाला म्हणून कापसाला भाव येत नाही, हे आम्ही जाणतो. खर्च भरून निघाला नाही तर सरळ माणूसही थकतो, आणि ती थकबाकी त्याच्या स्वभावाचा दोष नव्हे. पण आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा दुसऱ्याच्या गल्ल्यात का राहावा? पुढच्या बैठकीला येताना अहवाल बरोबर आणा. एकत्र बसून वाचू.